रकाना नऊ

अर्जात नववा रकाना होता:
मधल्या काळात काय केले?
ओळ एकच, वीतभरही नाही.
तिच्यात मला अकरा वर्षं बसवायची होती.

हिंगण्याची कंपनी बंद झाली तेव्हा
बोटांना लेथचं तेल होतं, साबणानं न जाणारं.
ते कधी गेलं कळलंच नाही.
एक दिवस बायको म्हणाली, तुमचे हात मऊ झाले हो,
आणि मी ते खिशात घातले.

मधल्या काळात
पहिले काही महिने सकाळी आठला डबा घेऊन निघालो,
शेजाऱ्यांसाठी.
फुटाळ्याच्या काठावर बसून खाल्ला.
आत्येभावाच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिलो,
म्हणजे कोणी शेजारी बसून विचारणार नाही,
"सध्या कुठं?"
शाळेच्या कागदावर वडिलांचा व्यवसाय
लेकीनंच लिहिला: खाजगी.
खाजगीच होतं ते.

मग फेब्रुवारीत, वॉर्डातल्या समाजभवनात,
ढकाते मॅडमनं रजिस्टर उघडलं.
सहा महिने, रोजी ठरलेली.
काम: शाळांचे, अंगणवाड्यांचे, दवाखान्याच्या धर्मशाळेतले
गंजके कूलर, ऊन तापायच्या आत.
आम्ही चौदा जण.
यादोराव पराते, ज्यांचा माग किलोवर विकला गेला.
मुश्ताकभाई, ज्यांच्या टायपिंगच्या वर्गात
शेवटी फक्त मशिनी उरल्या होत्या.
छाया रामटेके, नवऱ्याच्या आजारपणात नोकरी सोडलेली;
नवरा गेला, नोकरी परत आली नाही.
यादोराव सगळ्यांकडं बघून म्हणाले,
"बाप्पा, वऱ्हाड तं जमलं, नवरदेव कुठी हाय?"

हजेरी झाली. हिरामण नंदनवार.
हे नाव रेशनवाल्यानं घेतलं होतं, बँकवाल्यानं घेतलं होतं.
मी आलो की नाही हे बघायला
कोणी घेतलं नव्हतं.
"हजर" म्हणालो, जरा मोठ्यानंच.

वाळ्याच्या जुन्या टट्ट्या काढल्या.
आत चिमणीचं घरटं, एक कर्कटक,
परीक्षेची चिठ्ठी, उत्तर चुकलेली.
तळाचा पत्रा घासला, डांबर फासलं.
पहिल्याच दिवशी मी जाम मोटारीला सरळ करंट दिला.
ती गुणगुणली, तापली, वास सुटला.
शिकवणारा पोट्टा माझ्या लेकीच्या वयाचा.
म्हणाला, "काका, लय दिवसाची बंद हाय थे.
आधी हातानं फिरवा. थोडं तेल. परत हातानं.
सैल झाली का मंग करंट."
मी खाली बघत पाना शोधत राहिलो.
पाना हातातच होता.

एप्रिलात यादोराव यायचे थांबले.
छातीत जुना कापूस होता, मागावरचा.
मॅडम आठवडाभर त्यांचं नाव घेत राहिल्या,
आणि तेवढा वेळ कोणी हातोडी चालवली नाही.

मे महिन्यात एका वसतिगृहात बोलावणं आलं, देखभालीच्या कामाला.
टेबलामागचा माणूस अर्ज उलटसुलट करत होता.
"नऊ नंबर कोराच आहे तुमचा."
माझा कान खिडकीतल्या कूलरकडं.
दर फेरीला एक खट्.
"बेअरिंग आहे," मी म्हणालो.
"काय?"
"अकरा वर्षं काही नाही, साहेब. मग कूलर."
त्यानं पेन काढलं
आणि तेवढंच लिहून घेतलं.

आता रात्रपाळी असते.
मुश्ताकभाई एका वकिलाकडं लागले.
छायाताईंना अजून नाही; त्या विचारलेलं आवडत नाही म्हणतात,
मी विचारत नाही.

सकाळी घरी येताना कधी फुटाळ्यावर थांबतो.
तिथं एक जण असतो, इस्त्रीचा शर्ट,
साडेनऊलाच डबा उघडलेला.
मी थोडं अंतर ठेवून बसतो.
मॅडमचा नंबर मला पाठ आहे.
तो कसा द्यायचा,
हे अजून जमलेलं नाही.